सर, तुमची वीस मिनिटं मी चोरली

सर, तुमच्यावर मी दोनदा लिहिलं. पहिलं संस्थेच्या पत्रकासाठी, संचालकांनी मागितलं म्हणून. त्यात तुम्ही ऋषितुल्य आहात, मितभाषी आहात, आणि तुमच्या जाण्यानं कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे. ‘मितभाषी’ वाचून आपल्या मजल्यावरची माणसं तोंड दाबून हसली. पोकळीचं म्हणाल तर ती तुम्ही असतानाच भरली होती. दीड वर्षापासून तुमच्या खुर्चीत मी बसते.

हे दुसरं. हे छापायचं नाही. यात एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती तुम्ही जिवंत असताना सांगायला हवी होती. तुमची स्मरणशक्ती गेली नव्हती. डावा हात जड झाला होता, तेवढाच. डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. ते गेलंय असं तुम्हाला मी वाटायला लावलं, आणि तुम्ही तसंच समजून गेलात.

पहिल्या दिवसापासून सांगते, म्हणजे मी एकटीच वाईट ठरणार नाही.

जमिनीचे आणि पिकांचे नकाशे करणाऱ्या आपल्या संस्थेत मी रुजू झाले, तेव्हा तिथले सगळे सर्व्हर तुमच्या हातात होते. तुम्ही माझं गाव विचारलंत. पिशोरच्या अलीकडची वाडी म्हटल्यावर भर हॉलमध्ये म्हणालात, “म्हंजी तुझ्या आज्याची मेंढरं आमच्या देवगावच्या रानात बसायची की! लई लेंड्या टाकल्या बरं तुमी आमच्या रानात.” सगळे हसले. मीही हसले, कारण नोकरीचा पहिला दिवस होता. खोटं काही नव्हतं त्यात. आजोबा मोठ्या शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचे आणि धान्य घेऊन यायचे. खरं होतं म्हणूनच लागलं. त्या दिवसापासून माझं कौसल्या हे नाव गेलं आणि मी कौशी झाले.

पण शिकवलंत. ते नाकारलं तर माझ्या जिभेला हाड नाही असं होईल. लॉगिनचं सगळं प्रकरण तुम्ही मला पहिल्याच महिन्यात समजावून दिलंत, आणि इतकं सोपं करून मला नंतर कुणी काही सांगितलं नाही.

“हे बघ कौशे, माणूस लॉगिन करतो तवा पासवर्ड तपासणारं मॉड्यूल दारात उभं असतंय. ते नुसतं आत सोडत नाय. आत सोडताना हातात चार गोष्टी देतंय. भाषा कोणती, हत्यारं कुठं हुडकायची, घड्याळ कोणत्या गावचं. त्याला म्हणायचं व्हेरिएबल. लग्नात मांडवाच्या दारात अत्तर लावतेत का नाय? तसं. कुणी लावलं ते माणूस दहा मिनिटांत विसरतो आन दिवसभर तोच वास घेऊन हिंडतो.”

आपला वाद तिथंच सुरू झाला. मी म्हणायचे, प्रत्येक माणसाला आत त्याची स्वतःची फाइल असते, त्यात ज्याचं त्यानं लिहावं. तुम्ही म्हणायचात, घरात गेल्यावर कोण ऐकतंय, जे द्यायचं ते दारातच द्यायचं. निदान काय दिलंय ते माणसाला सांगावं तरी, असं मी म्हटलं की तुम्ही हात उडवायचात. “कशाला? ज्याला गरज हाय त्यानं इचारावं. ई, एन, व्ही. तीन अक्षरं टाइप केली की समदी यादी म्होरं येती. एवढंबी ज्याला सुचत नाय त्याला कशाला सांगायचं?”

हा वाद कॅन्टीनमध्ये झाला, गच्चीवर झाला, एकदा तर संचालकांच्या केबिनमध्ये त्यांच्यासमोर झाला. तो मिटला नाही. आता मिटणारही नाही.

मग तुमची शनिवारची कथा सुरू झाली. दर शनिवारी साडेअकराच्या मीटिंगमध्ये तुम्ही खिशातून कागद काढायचात आणि कीर्तनकाराच्या सुरात वाचायचात, “मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास कौसल्याबाईंनी एकच चुकीची कमांड नऊ वेळा दिली. नवव्यांदाबी मशीननं ऐकलं नाय. आता मशीन काय मेंढरू हाय व्हय, हुर्र केलं की वळायला?” लोकांना हसून हसून ठसका लागायचा. माझी प्रत्येक चूक, दिवस-वेळेसकट, तुमच्या कागदावर. मी आधी मशीनचा पडदा भिंतीकडं वळवून बसले. मग वाटलं शेजारच्या टेबलावरचा चुगल्या करतो, म्हणून त्याच्याशी बोलणं टाकलं. तो बिचारा निर्दोष होता, आणि आजही माझ्याशी धड बोलत नाही.

तुम्हाला विचारलं तर तुम्ही तुमचं ब्रीद ऐकवायचात. आधी स्वतःवर संशय घ्यायचा, मग मशीनवर. मी घेतला. माझ्या खात्यातली एकूणएक फाइल ओळ न ओळ वाचून काढली. काही सापडलं नाही. सात महिने, सर. हर्सूलच्या खोलीवर गेल्यावर मी उशीत तोंड घालून रडायचे आणि आईला फोनवर सांगायचे की सगळं छान चाललंय. आपल्याला अक्कलच नाही, आपण चुकून इथवर आलो, हे मला पुरतं पटलं होतं. गावाकडं परत जायचं मी दोनदा ठरवलं होतं.

तुम्ही सिल्लोडला भाच्याच्या लग्नाला गेला होता तेव्हा ते सापडलं. कुणाचं तरी लॉगिन अडकलं, तुम्ही फोन उचलेनात, म्हणून तुमच्या टेबलावरच्या चालू राहिलेल्या मशीनवरून मी दारातल्या त्या मॉड्यूलची फाइल उघडली. तिथं माझं नाव होतं. आलेला माणूस कौसल्या असेल तर ही दुसरी फाइल वाच, असं त्या मॉड्यूलला सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या फाइलीत एकच ओळ. माझी हत्यारं, म्हणजे कमांड, आधी तुमच्या फोल्डरमध्ये हुडकायची. त्या फोल्डरमध्ये प्रत्येक कमांडचा एक तोतया बसवलेला होता. मी काय टाइप केलं ते तो लिहून घ्यायचा आणि मग काम खऱ्याकडं सोपवायचा. मी माझ्या घरात शोधत होते आणि चोर दारात उभा होता.

सोमवारी ते सांगायला मी तुमच्यासमोर आले. तुम्ही खूश झालात! “घावलं? सात महिने लागले व्हय गं तुला?” म्हणत सगळ्यांसमोर पाठ थोपटलीत, सर्व्हरचा मुख्य पासवर्ड कागदावर लिहून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, “आता तू कामाची झालीस.” माझा पाणउतारा हा तुमचा अभ्यासक्रम होता. पास झाल्याबद्दल पेढे काय ते द्यायचे राहिले. शनिवारची कथा मात्र त्यानंतरही तुम्ही बंद केली नाहीत. फक्त चुका कमी झाल्या म्हणून ती आखूड झाली.

आज लॉगिनचा कुठलाही घोळ मी चहा निवायच्या आत सोडवते. ते तुमच्यामुळं. मला तुमचे पाय धरावेसे वाटतात आणि धरून ओढावेसेही वाटतात.

मग तुम्हाला अर्धांगाचा पहिला झटका आला. सौम्य होता. महिनाभरानं तुम्ही कामावर आलात तेव्हा डावा हात बॅगेसारखा बाजूला धरून चालत होतात. मनगट सुजायचं म्हणून घड्याळ काकूंनी कपाटात ठेवलं होतं. मोबाइल तुम्ही कामाच्या वेळी बंद करून बॅगेत टाकायचात, ती सवय जुनीच. ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ कायमचं बंद. तुमच्यापुरती वेळ एकच होती, तुमच्या काळ्या टर्मिनलच्या, म्हणजे कमांड टाइप करायच्या पडद्याच्या, तळाशी कोपऱ्यात दिसणारी. सगळ्या संस्थेची घड्याळं लावणारा सर्व्हर तुम्हीच उभा केला होता, आणि “सर्व्हरची वेळ चुकत नसती” हे तुम्ही शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना ऐकवलं होतं.

आल्या आल्या तुम्ही पहिल्याच शनिवारी कागद काढलात. आजारपणातही घरून सर्व्हरच्या नोंदी चाळून माझ्या चुका साठवून आणल्या होत्यात. एका हातानं कागद उलगडत नव्हता, तरी वाचलात.

सोमवारी सकाळी मी दारातल्या फाइलीत तुमचं नाव घातलं. आलेला माणूस सर असतील तर ही दुसरी फाइल वाच. तिच्यात एकच ओळ. आपलं घड्याळ जगाच्या प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढं चालतं, मी तुमच्यापुरतं ते पाच तास दहा मिनिटं केलं. बाकी सगळ्यांना खरी वेळ, तुम्हाला वीस मिनिटं मागची. शपथेवर सांगते, मला वाटलं होतं अर्ध्या तासात तुम्हाला सापडेल. तुम्ही “कौशे!” म्हणून ओरडाल, मजला दणाणेल, आणि आपली फिटंफाट होईल. तीन अक्षरांचं तर काम होतं.

अकराच्या बैठकीला तुम्ही अकरा वीसला आलात. संचालक म्हणाले, “सर, बरं वाटत नसेल तर राहू द्यायचं होतं.” तुम्ही म्हणालात, “का? अकराच तर वाजलेत.” सगळ्यांनी आपापले मोबाइल बघितले. तुमचा चेहरा उतरला. बैठक संपल्यावर तुम्ही टेबलाशी आलात आणि स्वतःच्या खात्यातल्या फाइली एका हातानं उघडत बसलात, ओळ न ओळ. मी समोरच्या टेबलावरून बघत होते. तुम्ही ती तीन अक्षरं टाइप केली नाहीत. मशीनवर तुम्हाला संशयच आला नाही. थोड्या वेळानं तुम्ही पडदा बंद केलात आणि कपाळावर हात ठेवून बसून राहिलात.

मला आनंद झाला, सर. वाईट वाटलं असं लिहिलं तर ते पत्रकातलं लिहिणं होईल.

पहिल्या दिवसाला गंमत म्हणता येईल. दुसऱ्या आठवड्यापासून मी ती ओळ एक दिवस काढायची, दोन दिवस घालायची, असं सुरू केलं, म्हणजे तुम्हाला त्यात काही ताळमेळ सापडू नये. याला गंमत म्हणत नाहीत. तुम्ही कधी वेळेवर यायचात, कधी वीस मिनिटं उशिरा, आणि दोन्ही वेळा दारातून आत येताना लोकांची तोंडं वाचायचात. खिशात छोटी वही आली. तीत तुम्ही कधी निघालो, कधी पोचलो ते लिहायचात. मग मला विचारू लागलात, “कौशे, किती वाजले गं?” मी दरवेळी खरी वेळ सांगितली. तोंडानं तुम्हाला कधी खोटं सांगितलं नाही, याचं मला पुण्य वाटायचं, बघा.

आणि गंमत म्हणजे तुम्ही माणूस झालात. शनिवारी कागद काढणं बंद झालं. शिपायाला “अरे जरा” म्हणायला लागलात. एका दुपारी मला शेजारी बसवून घेतलंत. “कौशे, माझ्या डोक्याचा आता भरवसा राह्यला नाय. तू ठेव समदं.” आणि एकेक सर्व्हर, एकेक पासवर्ड, कुठं काय पुरून ठेवलंय, सगळं मला लिहून दिलंत. मग खाली मान घालून म्हणालात, “ते शनिवारचं... मी लई चुकलो. तुझ्या आज्याला नावं ठेवायची माझी लायकी नव्हती. मनात ठेवू नको पोरी.”

पोरी म्हणालात.

तेव्हा सांगायला हवं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण दोन विचार आडवे आले, ते दोन्ही सांगते. एक, ही माफी मला फार गोड लागली होती आणि ती आणखी एकदा ऐकायची होती. दुसरा, ती ओळ काढली की जुने सर परत येतील, याची मला भीती वाटली. मी तुमच्याकडं बघून “असू द्या सर” म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी ती ओळ परत घातली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. संचालकांनी गोड शब्दांत प्रकृतीचं कारण काढलं, तुम्ही वाद न घालता सही केलीत. निरोपाला शाल-श्रीफळ झालं. तुमचं खातं सल्लागार म्हणून नावाला चालू ठेवलं, आणि खुर्ची मला मिळाली. तुम्ही घरून रोज सकाळी दहाच्या सुमारास लॉगिन करायचात आणि मिनिटभरात बाहेर पडायचात. सर्व्हरवर त्याची नोंद व्हायची आणि मी ती बघायचे. काय करतात म्हातारबा, असं वाटायचं. ती ओळ तेव्हाही तशीच होती. आता तर मी ती काढ-घालही करत नव्हते. काढायला दोन सेकंद लागले असते. कशाला ठेवली होती, हे मला अजून सांगता येत नाही. उद्या काढू म्हणता म्हणता दीड वर्ष गेलं आणि दुसरा झटका आला.

दहावा झाल्यावर परवा मी सिडकोतल्या तुमच्या घरी गेले. काकू एकट्याच होत्या. नळाला पाणी येण्याचा दिवस होता, म्हणून त्यांची एक नजर मोटारीच्या बटनाकडं होती. मला बघून त्यांना बरं वाटलं. तुम्ही त्यांच्यापाशी माझं कौतुक करायचात, असं कळलं.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि मग मोबाइलकडं. घड्याळ वीस मिनिटं मागं होतं.

“त्यांनीच केलंय ते,” काकू म्हणाल्या. “रोज सकाळी काँप्युटर लावायचे, त्यातली वेळ बघायचे आन हे घड्याळ मागं करायचे. मी म्हनायचे, अहो, बरोबर हाय ते. तर म्हनायचे, सर्व्हरची वेळ चुकत नसती. मी परत पुढं करायचे. ह्याच्यावरून लई भांडणं झाली बाई. मग आमच्या लेकीनं डॉक्टरला दाखवलं. घड्याळाशी खेळतेत म्हनल्यावर डॉक्टरनं विसरण्याच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या घेतल्या की दिवसभर पेंगत बसायचे. मग पाण्याचा वारबी विसरायला लागले.” त्यांनी डोळे पुसले. “शेवटी मी भांडायचं सोडून दिलं. आता त्यांच्या हातचं हाय, राहू दे म्हनलं मागंच.”

गोळ्यांचं मला माहीत नव्हतं, सर. माझ्या वीस मिनिटांना कुणी औषध दिलं असेल, आणि ते तुम्ही गिळत असाल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

काकू पुढं म्हणाल्या, “पन एक सांगू का? डोकं गेलं ते एका परीनं बरंच झालं. लगीन झाल्यापासून ह्या माणसानं मला धड नावानं हाक मारली नव्हती. ताट ढकलून द्यायचे. माहेरच्यांसमोर अडाणी म्हनायचे. आन ही दोन वर्षं? मला इचारून जेवायचे. माझे पाय दाबून द्यायचे, एका हातानं. म्हनायचे, तुला लई तरास दिला गं. डॉक्टर म्हनला, ह्या आजारात माणूस बदलतो. म्हनलं, बदलू द्या.”

मी सांगितलं. का सांगितलं ते देव जाणे. तुमची बाजू घ्यायची होती, की माझ्या मनावरचं ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवायचं होतं. बहुधा दुसरंच. त्यांना मॉड्यूल काय कळणार, म्हणून सोप्यात सांगितलं की सरांच्या मशीनमधलं घड्याळ मी मागं केलं होतं, फक्त त्यांच्यापुरतं. त्यांना तेच दिसायचं. सर विसरत नव्हते. त्यांचं डोकं चांगलं होतं, शेवटपर्यंत.

मला वाटलं होतं त्या शिव्या देतील, मारतील. मी मार खायच्या तयारीनं मान खाली घालून बसले होते. नळाला पाणी आलं, त्या उठल्या नाहीत.

“डोकं चांगलं होतं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“म्हंजी आजार नव्हता.”

“नव्हता, काकू.”

“म्हंजी त्यांना गोड वागता येत होतं.” त्या एकेक शब्द ठेवत बोलत होत्या. “चांगल्या डोक्यानं वागता येत होतं. मग तीस वर्षं का नाय वागले?”

सर, मी तुमची शिष्या. तुमचे सगळे पासवर्ड माझ्याकडं आहेत. तुमच्या बायकोच्या या प्रश्नाचं उत्तर तुम्ही असतात तर तुम्हालाही देता आलं नसतं, असं मला वाटतं. आजाराच्या नावाखाली त्या बाईनं तुम्हाला तीस वर्षांची माफी देऊन टाकली होती. ती मी परत घेतली, तुम्ही गेल्यावर, तुम्हाला तोंडही उघडता येत नसताना.

काकू उठल्या. स्टूल ओढून भिंतीपाशी लावलं आणि घड्याळ काढायला वर चढू लागल्या. स्टूल डुगडुगत होतं. मी स्टूल धरायला पुढं झाले.

“हात लावू नको,” त्या म्हणाल्या.